भोंगा ऐकलेल्या मुलांशी काय बोलायचे?

२०२५च्या मे महिन्यात महाराष्ट्रातली मुले सुट्टीत घरी होती. पहलगामच्या बैसरन कुरणात २२ एप्रिलला दहशतवाद्यांनी २६ जणांना गोळ्या घालून ठार केले होते आणि त्यांतले सहा जण महाराष्ट्राचे होते. ७ मेच्या पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम, म्हणजे ‘मॉक ड्रिल’ झाली. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत भोंगे वाजले. पुढचे तीन-चार दिवस बहुतेक घरांत टीव्ही बंद झालाच नाही. पडद्यावर स्फोटांची दृश्ये, खाली लाल पट्ट्या आणि त्यामागे सतत वाजणारा हवाई हल्ल्याचा भोंगा. अखेर १० मे रोजी केंद्र सरकारला वाहिन्यांना सूचना द्यावी लागली, की लोकशिक्षणाखेरीज इतर कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका. कारण असे दिले होते, की रोज ऐकून लोकांना त्याची सवय होईल आणि खरा भोंगा वाजला तरी कोणी दखल घेणार नाही.

सवय मोठ्यांना होते, कारण हा आवाज स्टुडिओतून येतो आहे हे त्यांना ठाऊक असते. चार वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसते. भोंगा वाजला म्हणजे काहीतरी येत आहे, एवढेच त्याला समजते. त्या सूचनेत अशा मुलांचा उल्लेख नव्हता, आणि घरातल्या चर्चेतही तो फारसा नव्हता. महिनाभराने, शाळा उघडण्याच्या तोंडावर, १२ जूनला अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण गेले. विमान खाली येताना आणि नंतर उठलेला आगीचा लोळ, असा काही सेकंदांचा व्हिडिओ दिवसभर टीव्हीवर आणि मोबाइलवर फिरत राहिला.

अशा वेळी घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘तो लहान आहे, त्याला काय कळतेय?’ हे पहिले आणि ‘त्याच्यासमोर बोलू नका’ हे दुसरे. पहिल्या वाक्याने टीव्ही चालू राहतो, दुसऱ्याने बोलणे बंद होते. परिणामी मुलाच्या वाट्याला दृश्ये येतात, आवाज येतात, मोठ्यांचे घाबरलेले चेहरे येतात. फक्त अर्थ येत नाही. तो मग ते स्वतःच लावते, आणि मुलाने लावलेला अर्थ अनेकदा प्रत्यक्ष घटनेपेक्षा भयंकर असतो. मोठी बातमी लहान मुलापासून लपवता येत नाही. ती त्याला कोणाच्या तोंडून आणि कशी कळावी, एवढेच घरच्यांच्या हातात असते.

मूल बातमी कशी ऐकते

साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा विचार कसा चालतो, याचा अभ्यास स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी विसाव्या शतकात केला. पुढच्या संशोधनाने त्यांच्या काही निष्कर्षांना मुरड घातली, पण मुख्य मुद्दा टिकून आहे. या वयात मूल जगाकडे स्वतःला केंद्रस्थानी ठेवून पाहते. घडणाऱ्या गोष्टींचा आपल्याशी संबंध जोडते. ‘मी हट्ट केला म्हणून आजी आजारी पडली’ असे त्याला मनापासून वाटू शकते. बाबा कामासाठी विमानाने गेले आणि त्याच आठवड्यात विमान पडल्याचे दिसले, की या दोन गोष्टी मुलाच्या मनात एक होतात.

अंतराचे आणि वेळेचे भानही या वयात कच्चे असते. काश्मीर हे मामाच्या गावापेक्षा लांब की जवळ, हे पाच वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. एकच दृश्य वीस वेळा दाखवले तर विमान वीस वेळा पडले, असे त्याला वाटू शकते. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर नेमके हेच दिसले. जुळ्या मनोऱ्यांवर आदळणारी विमाने पुनःपुन्हा दाखवली गेली, तेव्हा इमारतींवर अजून विमाने आदळतच आहेत, अशी काही लहान मुलांची समजूत झाली.

लहान मुले नेमकी कशाला घाबरतात, यावर अमेरिकी संशोधक जोॲन कँटर यांनी बरीच वर्षे काम केले. त्यांच्या कामातून पुढे आलेली गोष्ट पालकांच्या फार उपयोगाची आहे. शाळापूर्व वयातली मुले दिसण्याला आणि आवाजाला घाबरतात. आग, रक्त, किंचाळणे, रडणारी माणसे त्यांना घाबरवतात. सात-आठ वर्षांनंतर मुले ‘हे आपल्याबाबतीत घडू शकते का’ या शक्यतेला घाबरू लागतात. म्हणून ज्या उपायाने मोठ्या मुलाला धीर येतो, त्याचा धाकट्याला उपयोग होत नाही. ‘अशा घटना क्वचित घडतात’ हे नऊ वर्षांच्या मुलाला थोडेफार पटेल. चार वर्षांच्या मुलासाठी मात्र टीव्ही बंद करून त्याला जवळ घेणे हेच उत्तर असते.

मृत्यूचेही तसेच आहे. तो परत न फिरणारा असतो, तो सगळ्यांना येतो आणि त्यानंतर शरीराचे काम थांबते, हे तिन्ही मुद्दे बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान समजू लागतात. त्याआधी ‘ते काका परत कधी येणार?’ हा प्रश्न दहा वेळा येतो. तो हट्ट नसतो. अशा वेळी ‘ते झोपले आहेत’ असे सांगितले, तर मुलाला झोपेचीच भीती बसू शकते. ‘देवाघरी गेले’ हे श्रद्धेने म्हणायला हरकत नाही, पण त्याच्या जोडीला ‘त्यांचे शरीर आता चालत नाही, त्यांना दुखत नाही आणि ते परत येणार नाहीत’ असे साध्या शब्दांत सांगावे लागते. नाहीतर देवाघरून परतीची गाडी कधी सुटते, असा पुढचा प्रश्न ठरलेलाच.

पडद्यावरचे तास

११ सप्टेंबरनंतर तीन ते पाच दिवसांत अमेरिकेत दूरध्वनीवरून एक सर्वेक्षण झाले आणि ते त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. पालकांनी दिलेल्या माहितीनुसार पाच ते अठरा वयाच्या ३५ टक्के मुलांमध्ये ताणाचे किमान एक लक्षण दिसत होते. ४७ टक्के मुले स्वतःच्या किंवा जिवलगांच्या सुरक्षिततेची काळजी करत होती. यांतली बहुतेक मुले न्यूयॉर्कपासून शेकडो मैल दूर राहणारी होती. मुलांनी त्या दिवशी सरासरी तीन तास हल्ल्याच्या बातम्या पाहिल्या होत्या. मुलांचे टीव्ही पाहणे मर्यादित ठेवण्याचा प्रयत्न सुमारे एक तृतीयांश पालकांनीच केला होता.

त्याआधी १९९५मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सरकारी इमारतीत बॉम्बस्फोट झाला. त्यात १६८ जण गेले, त्यांत १९ मुले होती. शहरातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास करताना संशोधकांना असे दिसले, की ज्यांनी स्फोट पाहिला-ऐकला नव्हता आणि ज्यांच्या ओळखीचे कोणी गेले नव्हते, अशा मुलांमध्येही टीव्हीवरच्या दृश्यांचे प्रमाण आणि आघाताची लक्षणे यांचा संबंध होता.

मोठेही यातून सुटलेले नाहीत. २०१३च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पुढच्या आठवड्यात रोज सहा तासांहून अधिक काळ स्फोटांच्या बातम्यांत घालवलेल्या प्रौढांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त होती. या अभ्यासांमधून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. मुळातच काळजी करणारी माणसे बातम्यांना अधिक चिकटून बसतात, हेही शक्य आहे. तरीही सल्ला बदलत नाही. भरभर बदलणारी दृश्ये कमी केल्याने मुलाचे काही नुकसान होत नाही, फायदा मात्र होऊ शकतो.

आपल्याकडच्या घरांत हे कसे जमवायचे, हा खरा प्रश्न आहे. ‘मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवा’ हा सल्ला दुसरी खोली असलेल्यांसाठी आहे. एका खोलीच्या घरात टीव्ही, जेवण आणि अभ्यास एकाच ठिकाणी चालतो. आजोबांना सातच्या बातम्या लागतात, आणि जेवताना टीव्ही लावण्याची अनेक घरांत पद्धतच आहे. अशा घरात आजोबांवर ओरडून उपयोग नाही. त्यांना कारण सांगावे. मोठी दुर्घटना घडलेल्या दिवसांत मूल जागे असताना टीव्हीवर दुसरे काही लावावे, बातम्या ते झोपल्यावर पाहाव्यात. निदान आवाज बंद ठेवावा, कारण लहान मुलाला घाबरवण्याचे अर्धे काम आवाज करतो. बाकी वेळ रेडिओवरच्या थोडक्यात बातम्या किंवा वर्तमानपत्र यांवर भागवता येते. पण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचा मोठा फोटोही मुलाला दिसतोच, तेव्हा घडी घालून ठेवण्याचे भान हवे. आणि मोबाइल विसरू नये. कार्टून संपल्यावर आपोआप पुढे काय लागते, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी काय टाकले आहे, हे मुलाच्या हाती फोन देण्याआधी पाहावे.

आधी विचारावे, मग सांगावे

बोलायला सुरुवात कुठून करायची? मुलापासून. ‘तू काय ऐकलेस?’ हा पहिला प्रश्न. उत्तर ऐकल्याशिवाय समजावणे सुरू केले, तर मुलाला पडलेला प्रश्न बाजूलाच राहतो आणि न पडलेल्या प्रश्नांची भीती मात्र त्याला नव्याने मिळते. ‘युद्ध म्हणजे काय?’ असे विचारणाऱ्या मुलाला फाळणीपासून इतिहास ऐकायचा नसतो. बहुतेक वेळा त्याच्या प्रश्नामागे तीन प्रश्न असतात. मी सुरक्षित आहे का? माझी माणसे सुरक्षित आहेत का? आणि उद्या सगळे रोजच्यासारखे होणार आहे का?

पाच वर्षांच्या मुलाला पुरेल एवढे उत्तर साधारण असे असते: ‘एक विमान पडले. त्यात खूप माणसे मेली, म्हणून सगळ्यांना वाईट वाटते आहे. ते आपल्या घरापासून खूप लांब पडले. विमान का पडले हे शोधायचे काम काही माणसे करत आहेत. तू आता माझ्याजवळ आहेस.’ एवढेच. मग थांबावे. मूल खेळायला निघून गेले तर जाऊ द्यावे. ते परत येईल, कदाचित आंघोळ करताना, कदाचित भाताचा घास तोंडात असताना, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारेल. तेच उत्तर, त्याच शब्दांत पुन्हा द्यावे. उत्तर तेच राहिले, याचाच त्याला आधार वाटतो.

आठ-नऊ वर्षांचे मूल ‘आपल्याकडे असे होईल का?’ असे थेट विचारते. इथे मोठ्यांची जीभ चटकन ‘छे, आपल्याला काही होत नाही’ असे म्हणून जाते. हे वचन कोणालाच देता येत नाही, आणि या वयाच्या मुलाला ते कळते. त्याऐवजी जे खरे आहे ते सांगावे. रोज हजारो विमाने उडतात आणि सुखरूप उतरतात. आपल्या इमारतीत आग लागली तर कोणत्या जिन्याने उतरायचे हे आपल्याला माहीत आहे. आईबाबांचे नंबर तुला पाठ आहेत. मॉक ड्रिल हा शाळेतल्या कवायतीसारखा सराव असतो, गरज पडलीच तर गोंधळ होऊ नये म्हणून केलेला. मुलाच्या हाती काहीतरी करण्यासारखे दिले, की भीतीला बसायला जागा कमी उरते.

उत्तर माहीत नसेल, तर ‘मला माहीत नाही, कळले की सांगेन’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. २०२५च्या मे महिन्यात ८ आणि ९ तारखेच्या दरम्यानच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याच्या बातम्या दिल्या आणि त्या खोट्या ठरल्या. मोठ्यांना रात्री जे खरे वाटले ते सकाळी उरले नाही. ज्या गोष्टीची खात्री नाही ती मुलाला सांगू नये, हा नियम अशा दिवसांत दुप्पट कडकपणे पाळावा लागतो.

‘वाईट माणसे कोण?’

पहलगामनंतर मुलांच्या कानावर गेलेला सर्वांत अवघड भाग गोळीबाराचा नव्हता. दहशतवाद्यांनी माणसांचा धर्म विचारून त्यांना मारले, ही बातमी होती. ती लपवणे शक्य नव्हते, घराघरांत तीच चर्चा होती. त्यामुळे मुलांकडून एक प्रश्न येणारच होता: वाईट माणसे कोण? या प्रश्नाला घरातून जे उत्तर मिळते, ते भीतीपेक्षा जास्त काळ टिकते. लहान मूल माणसांची विभागणी गटांत फार लवकर शिकते. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाचे आडनाव त्याला माहीत असते. जेवणाच्या ताटावर मोठ्यांनी रागाच्या भरात काढलेले सरसकट उद्गार ते सोमवारी वर्गात, त्या शेजाऱ्याला ऐकवते. आणि त्या दुसऱ्या मुलाच्या घरी, ‘आई, आपण वाईट आहोत का?’ असा प्रश्न विचारला जातो. एकाच बातमीने त्या दिवशी दोन मुले जखमी होतात.

याचे उत्तर अवघड नाही, कारण ते घटनेतच आहे. वाईट काम केले ते बंदुका घेऊन आलेल्यांनी. आणि ज्या २६ जणांचा जीव गेला, त्यांत पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारा एक स्थानिक काश्मिरी मुसलमान तरुणही होता. पर्यटकांना वाचवण्याच्या प्रयत्नात तो मारला गेला. सात वर्षांच्या मुलाला ही एवढी गोष्ट पूर्ण समजते. दहशतवाद सौम्य करून सांगण्याची त्यासाठी गरज नाही. राग येणे साहजिक आहे, असेही मुलाला सांगावे. तो राग कोणावर, हे मात्र अचूक सांगावे.

प्रत्येक मोठ्या घटनेत मदतीला धावणारे असतात. अग्निशमन दलाचे जवान, डॉक्टर, रुग्णवाहिकेचे चालक, रक्तदानाच्या रांगेत उभे राहिलेले लोक. मुलाचे लक्ष त्यांच्याकडे वळवणे म्हणजे दुःख झाकणे नव्हे. ‘मग कोणी काय केले?’ हा मुलांचा नेहमीचा प्रश्न असतो, आणि त्याचे खरे उत्तर उपलब्ध असताना ते द्यायला हवे.

कधी थांबून पाहावे

अशा घटनेनंतर काही दिवस मूल चिकटून राहते, एकटे झोपायला तयार होत नाही, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागते, पोट दुखते म्हणते. ठोकळ्यांचे विमान करून ते पुनःपुन्हा पाडते. या खेळाने मोठ्यांच्या अंगावर काटा येतो, पण बहुतेक वेळा मूल आपल्या परीने गोष्ट पचवत असते. त्याला रागावून थांबवू नये. शेजारी बसावे, आणि त्या खेळात एक रुग्णवाहिका आणून ठेवावी. जेवण, खेळ, झोप यांच्या वेळा नेहमीच्याच ठेवाव्यात. रोजचा दिवस रोजच्यासारखा गेला, की लहान मुलाला सुरक्षित वाटते.

ही लक्षणे काही आठवडे उलटूनही कमी झाली नाहीत, मूल खेळायचे थांबले, शाळेत जायला घाबरू लागले, खाण्या-झोपण्यावर परिणाम टिकून राहिला, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. ज्या मुलांच्या घरातलेच कोणी अशा घटनेत गेले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना सुरुवातीपासून तज्ज्ञांची मदत लागते, आणि ती महिनोन्‌महिने लागू शकते.

घराबाहेरही काही कामे बाकी आहेत. वाहिन्यांनी भोंग्याचा वापर थांबवायला सरकारी सूचनेची वाट पाहायला नको होती. मृतदेहांची, आक्रोशाची दृश्ये दाखवण्याआधी इशारा देणे आणि तीच दृश्ये बातमी पुढे गेल्यावरही पार्श्वभूमीला फिरवत न ठेवणे, एवढे त्यांना सहज जमण्यासारखे आहे. शाळांनी आणि अंगणवाड्यांनी मोठ्या घटनेनंतरच्या पहिल्या दिवशी दहा मिनिटे मुलांचे ऐकून घ्यावे, आणि वर्गात कोणत्या शब्दांत बोलायचे हे शिक्षकांनी आधी आपसांत ठरवावे. पालकसभेत गुणांबरोबर याचीही चर्चा व्हायला हरकत नाही.

पुढची मोठी बातमी कधी येईल हे कोणाला ठाऊक नाही, पण ती येईल तेव्हा बहुतेक घरांत टीव्ही चालू असेल आणि समोर एखादे मूल असेल. मुलांचे सगळ्यात खरे प्रश्न बहुधा रात्री, दिवा मालवल्यावर येतात. त्या वेळी ‘झोप आता, उद्या बोलू’ म्हणण्याऐवजी पाच मिनिटे अंथरुणाच्या कडेला बसावे. एवढा वेळ बहुतेक घरांत काढता येतो.